उचललेली ओळ

हे लिहून ठेवायचंच नाही, असं याह्याने जवळपास ठरवलं होतं. मोबाईलवर दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पुसून टाकली. कारण यात त्याने रचलेलं आजवरचं सगळ्यात चांगलं कडवं आहे, आणि नेमकं तेच त्याला कुणाला ऐकवायचं नाहीये.

याह्याच्या वडिलांची, सरदारभाईंची, कामशेतला भाताची गिरणी. बारावीनंतर तो तिथेच बसतो. छंद, यमक वगैरे त्याला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघून, चुकत चुकत शिकला. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की त्याच्या ठेक्यावर पोत्यावर बोटं आपटत अक्षरं मोजायचा. सरदारभाई म्हणायचे, पोरगा पोती मोजायला ठेवला तर हा बोटं मोजत बसतो.

अक्षरं मोजायला पहिलं गाणं मिळालं ते कस्तुराबाईंचं. कस्तुराबाई म्हणजे सत्यमची आई, आणि सत्यम म्हणजे याह्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यांचं गाव पवनेच्या बाजूला. आवणीला, म्हणजे भाताचं रोप चिखलात लावायला बायका रांगेत वाकल्या की पहिली ओळ टाकायचा मान कस्तुराबाईंचा. त्या ओळ टाकायच्या, रांग ती तशीच मागे म्हणून उचलायची. याह्याची अम्मी बदरुन्निसाही लग्न होऊन आल्यापासून त्याच रांगेत होती.

धरणी माय गं, धरणी माय
वडाच्या खाचरी टेकला पाय
धरणी माय गं, धरणी माय
तुला मी मागते, देशील काय

याह्याने मोजून पाहिलं. सहा अक्षरं, श्वास, पाच अक्षरं. प्रत्येक ओळ तशीच. सहात हात रोप खोचतात, पाचात पाय मागे सरकतो. दर दुसऱ्या ओळीला धरणी माय परत येते, कारण तेवढ्यात पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो. आणि शेवटी ते 'आय'. पाय, काय, जाय, खाय, कुठलाही शब्द घ्या, तो जाऊन मायला चिकटतो. याह्याला वाटायचं, इतकं घट्ट बांधलेलं गाणं कुणी बसून केलेलं नाही, चिखलानेच केलंय.

मग गेल्या थंडीत कस्तुराबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली ती निम्मीशिम्मी परत आली, पण बोलणं आलं नाही. फक्त 'बरं बरं' राहिलं. चहा पाहिजे का विचारा, मान हलवायच्या आणि बरं बरं. चहा नको ना विचारा, तरी मान आणि बरं बरं. गाणं मात्र तसंच होतं. कुणी धरणी माय सुरू केलं की तोंडातून अख्खी ओळ बाहेर पडायची, एक अक्षर न चुकता. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होतं, गाणं डोक्यात दुसऱ्या वाटेने येतं. सत्यम ते ऐकून दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता.

आता मुद्दा असा की जमीन कस्तुराबाईंच्या नावावर. भाताची दोन खाचरं. एक वडाचं, रस्त्याला लागून. एक तळाचं, ओढ्याजवळ, जिथे दरवर्षी रोप टाकतात. थोरला मुलगा आदिनाथ तळेगावला कंपनीत सुपरवायझर. त्याने पुण्याची एक पार्टी आणली होती, दोन्ही खाचरं एकदम घेणारी. वडगावच्या जमीन-नोंदणी कार्यालयात सकाळची वेळही घेऊन ठेवली होती. साहेब विचारणार, आजी, तुमच्या मर्जीने देताय ना, आणि आजी मान हलवणार. आदिनाथ काही राक्षस नव्हता. त्याचं म्हणणं, आईला आता ही जमीन झेपत नाही, तिला माझ्याकडे तळेगावला नेतो, दवाखाना जवळ. आई मान हलवते, म्हणजे तिची ना नाही.

सत्यम ती जमीन कसत होता. लोणावळ्याच्या एका हॉटेलात रात्रपाळी करून सकाळी शेतात उतरायचा. वडाच्या खाचरात बापाबरोबर पहिला चिखल तुडवलेला. त्याने आदिनाथला फोनवर सांगितलं की आईची इच्छा नाहीये. आदिनाथ म्हणाला, तिच्या तोंडून न्हाय ऐकव, मी गाडी वळवून परत जातो.

तिच्या तोंडून. म्हणून सत्यम याह्याकडे आला.

आदल्या दिवशीची दुपार. गिरणीत काम नव्हतं. सत्यमने स्टूल ओढलं आणि सरळ सांगितलं, आईला गाण्यातला शेवटचा शब्द पुरा करता येतो, बरोबर? तर तू असं कडवं कर की शेवटी न्हायच येईल. दुसरं काही बसणारच नाही.

याह्याला अर्धा तास लागला. खरं तर तेवढाही लागला नाही, पण सत्यमसमोर त्याने जरा खोडाखोड केल्यासारखं केलं.

आईला कुनी गं इकतं काय
वडाचं खाचर द्यायाचं न्हाय

सहा, पाच. सहा, पाच. पहिल्या ओळीत प्रश्न असा टाकलेला की दुसरी ओळ उतारावरच्या पाण्यासारखी न्हायवर जाऊन थांबावी. याह्याच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं त्याला कधीच जमलं नव्हतं. सत्यमने ते वाचलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळच्या आत दोघं गावाला पोचले. कस्तुराबाई पडवीत खुर्चीवर होत्या, मांडीवर डावा हात. याह्याला बघून हसल्या, बरं बरं. सत्यमने मोबाईल रोखून धरला. याह्याने धरणी माय सुरू केलं, त्या लगेच बरोबर आल्या. मग त्याने नवं कडवं म्हटलं आणि शेवटच्या शब्दाला थांबला. वडाचं खाचर द्यायाचं…

"न्हाय," कस्तुराबाई गायल्या. सुरात, ठणठणीत.

सत्यमने डोळे पुसले. परत एकदा घेऊ म्हणाला. परत न्हाय. तिसऱ्यांदा न्हाय. तो व्हिडिओ सेव्ह करायला बाजूला गेला आणि याह्या तिथेच उकिडवा बसून राहिला, कारण त्याला काहीतरी खटकलं होतं. न्हाय म्हणताना कस्तुराबाईंच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं जे 'देशील काय' म्हणताना असायचं. जमीन वाचवणारी बाई अशी हसेल का? का गाणं नीट पुरं झालं म्हणून हसतेय?

ते तपासायला त्याने एक गोष्ट केली, आणि ती केली नसती तर बरं झालं असतं असं त्याला पुढे कितीदा वाटलं. त्याने तिथल्या तिथे उलटं कडवं रचलं आणि हळू आवाजात म्हटलं.

लेकाला रिकामं धाडू मी काय
वडाचं खाचर द्यायाचं…

"हाय," कस्तुराबाई गायल्या. तितक्याच सुरात, तितक्याच ठणठणीत. आणि हसल्या.

सत्यमने ऐकलं होतं. तो दारात उभा होता. आतून कुकरची शिट्टी झाली. मग याह्या त्याला ओट्यावर घेऊन गेला आणि समजावायला लागला की मावशी उत्तर देत नाहीयेत, यमक जिकडे ओढतंय तिकडे जातायत, तो व्हिडिओ खोटा आहे.

"खोटा कसा? तिनं म्हटलंय."

"मी म्हणायला लावलंय, सत्या."

"मग आदिनाथ मान हालवायला लावतोय ते चालतं?" सत्यमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हे बघ. उद्या मी व्हिडिओ दाखवनार. तू फक्त गप ऱ्हा. कायच करू नको. एवढं जमंल का न्हाय?"

याह्या गाडीला किक मारून निघाला.

घरी जेवताना अम्मीने विचारलं, तोंड का असं. त्याने सगळं सांगितलं. बदरुन्निसा आधी हसली, म्हणाली शेवटचा शब्द गाळून कधी कुणी गायलंय का, ते शाळेतल्या गाळलेल्या जागा झाल्या. रांगेत ओळ पुरी टाकतात. आणि मग भाकरीचा तुकडा हातात ठेवून तिने जे सांगितलं ते याह्याला लहानपणापासून माहीत होतं, फक्त कधी ध्यानात घेतलं नव्हतं. टाकलेली प्रत्येक ओळ उचलायचीच असं नसतं. आवणीत मस्करी चालते, कुणी एखादी बाई दुसरीच्या नवऱ्यावर ओळ टाकते, कुणी अर्धं खाचर बाकी असताना झालं म्हणून ओळ टाकते. रांगेला पटली तर रांग उचलते. नाही पटली तर हात चालू, तोंड बंद. धरणीपुढे खोटी ओळ उचलत नाहीत. मग टाकणारीला ओळ बदलावी लागते.

"कस्तुरानं माझ्या कितीतरी ओळी पाडल्यात," अम्मी म्हणाली. "लय खमकी."

त्या रात्री याह्याने सत्यमला दोनदा फोन लावला. सत्यमने उचलला नाही.

सकाळी याह्या अम्मीला मागे बसवून पोचला तेव्हा आदिनाथची गाडी अंगणात लागलेली होती, दार उघडंच. कस्तुराबाईंना चांगलं लुगडं नेसवलं होतं. सत्यम आणि आदिनाथ समोरासमोर उभे होते आणि मोबाईल आदिनाथच्या हातात होता. न्हाय. न्हाय. न्हाय. आदिनाथने व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला. याह्याने त्याचा चेहरा पाहिला. आदिनाथला पटलं होतं. तो रागावला नव्हता. त्याने चष्मा काढला, बाहीने पुसला, परत घातला. म्हणाला, आईच म्हणतेय तर मग प्रश्न मिटला. आणि पार्टीला फोन लावायला गाडीकडे वळला.

सत्यमने याह्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गप राहायला यापेक्षा सोपी वेळ याह्याला आयुष्यात मिळाली नसती.

"आदिनाथदादा, थांबा," याह्या म्हणाला. "ते कडवं मी रचलंय."

त्याने सांगून टाकलं. कसं रचलं, का रचलं, आणि उलट्या कडव्याला मावशी हाय म्हणाल्या तेही. सांगताना तो सत्यमकडे बघू शकला नाही. आदिनाथ थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग सत्यमला म्हणाला, तू आईला बाहुली केलीस. सत्यम म्हणाला, आणि तू? कार्यालयात तिला काय करणार होतास? गोष्ट हातघाईवर आली असती. कस्तुराबाई खुर्चीतून दोघांकडे बघत बरं बरं म्हणत होत्या, भराभर, थांबतच नव्हत्या. त्यांना सगळं समजत होतं. हे त्या क्षणी पहिल्यांदा याह्याला दिसलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

बदरुन्निसा मधे गेली. चपला काढल्या आणि कस्तुराबाईंच्या पायाशी बसली. दोन्ही भावांना म्हणाली, भांडणं नंतर करा, आधी तिला नीट विचारा. रांगेत विचारतात तसं. ओळ पुरी टाकायची. दोन्ही बाजूंची. ती उचलेल ती खरी.

आदिनाथने लहानपणी रोपाच्या मुठी वाहिल्या होत्या. त्याला वेगळं समजवावं लागलं नाही. तो फक्त म्हणाला की ओळ सत्यमने टाकायची नाही. सत्यम म्हणाला, तूही नाही. मग दोघांनीही याह्याकडे पाहिलं.

याह्याला कळत होतं, आता ओळीआधी प्रश्नाची ओळ लावायची नाही, काही सुचवायचं नाही. आवाजही दोन्हीकडे एकच हवा. त्याने नजर जमिनीवर ठेवली, म्हणजे चेहऱ्यावरूनही काही कळायला नको.

धरणी माय गं, धरणी माय, त्याने म्हटलं. कस्तुराबाईंनी उचललं.

"वडाचं खाचर द्यायाचं न्हाय."

गप्प. कस्तुराबाईंचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता, तो चालूच राहिला. तोंड बंद. सत्यम एक पाऊल पुढे आला. याह्याने परत धरणी माय म्हटलं, त्यांनी उचललं. मग दुसरी ओळ.

"वडाचं खाचर द्यायाचं हाय."

"वडाचं खाचर द्यायाचं हाय," कस्तुराबाई गायल्या. या वेळी हसल्या नाहीत.

सत्यम खांबाला टेकला. याह्या थांबला नाही. थांबला असता तर त्याला पुढे जाताच आलं नसतं. त्याने तळाच्या खाचराची ओळ टाकली, तळाचं खाचर द्यायाचं हाय. हात ठेका धरत राहिला, तोंड बंद. मग, तळाचं खाचर द्यायाचं न्हाय. ही ओळ संपायच्या आतच त्यांनी उचलली, आणि याह्या पुढचं धरणी माय म्हणायच्या आधी स्वतःच परत एकदा म्हटली.

आदिनाथने घसा साफ केला. म्हणाला, ती कदाचित शेवटची ओळ उचलत असेल, दोन्ही वेळा तेच झालंय. ते बरोबर होतं. खरं तर ते याह्याच्या आधी लक्षात यायला हवं होतं. क्रम उलटा करून परत विचारायचं ठरलं, आणि सत्यम खांबापासून सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की याह्याने नजर पुन्हा जमिनीवर वळवली.

शेवटचीच ओळ उचलत असतील तर आता वडाला न्हाय येणार. सत्यमचं खाचर राहणार.

धरणी माय गं, धरणी माय.

"वडाचं खाचर द्यायाचं हाय."

अंगणात कोंबडी फडफडली. गाडीत आदिनाथचा फोन वाजत होता, तो आणायला कुणी गेलं नाही.

"वडाचं खाचर द्यायाचं हाय," कस्तुराबाई गायल्या. आणि न्हायची ओळ टाकल्यावर त्यांनी ठेका धरलेला हातच उचलून घेतला. तळाचं विचारलं तेव्हा पुन्हा तेच, न्हाय पहिल्यांदा टाकली तरी न्हायच उचलली.

सत्यम आईसमोर गुडघ्यावर बसला आणि विचारलं, "का गं?" त्याचं उत्तर तिच्याकडे गाण्यातही नव्हतं. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत बरं बरं म्हणत राहिली.

उत्तर बदरुन्निसाने दिलं, तेही नाइलाजाने. गेल्या आवणीला वडाच्या खाचरात कस्तुराबाईंचा पाय कापला होता. पर्यटक रस्त्यावरून बाटल्या फेकतात, चिखलात काच दिसत नाही. रक्त थांबेना. कस्तुराबाईंनी पदर फाडून बांधला आणि सगळ्यांना बजावलं, पोराला सांगायचं न्हाई, तो त्या गाड्यांवर धावून जाईल. त्या दिवसापासून आवणी संपेपर्यंत त्यांनी 'वडाच्या खाचरी टेकला पाय' ही ओळ टाकली नाही. फिरून फिरून तळाचीच टाकली. रांगेला कळलं होतं. रांगेने विचारलं नाही.

याह्याकडे गेल्या आवणीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. त्यात वडाची ओळ नाही म्हणून त्याने समज करून घेतला होता की आपण बटण उशिरा दाबलं.

आदिनाथने पार्टीला फोन केला. पार्टीला दोन्ही एकदम हवी होती, ती चिडली, मग एकावर विचार करून सांगतो म्हणाली. आदिनाथने आईला तळेगावला न्यायचा विषय काढला नाही. निघताना म्हणाला, रोप फार वाढलंय, तळातली आवणी या आठवड्यात करून घ्या, मी रविवारी येतो. सत्यमने मान हलवली. आईसारखीच, हो का नाही ते कळू न देता.

अम्मी आत चहा टाकायला गेली. सत्यम वडाच्या खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिला. वड कधीच गेलाय, रस्ता रुंद झाला तेव्हा. नाव राहिलंय. याह्या त्याच्यापासून थोडा लांब थांबला. जवळ जायची त्याची हिंमत नव्हती.

"तू गप ऱ्हायला असता तर," सत्यम पाठमोराच म्हणाला, "वाचलं असतं."

"व्हय."

"आनि रांगेला दरसाल काच तुडवावी लागली असती."

सत्यमने खाली वाकून चिखलात हात घातला, काहीतरी लागलं म्हणून बाहेर काढलं. बाटलीचं बूड. ते त्याने फेकलं नाही, बांधावर ठेवलं. मग म्हणाला की त्या कडव्याचं काय करणार आहेस. चांगलं झालंय ते. कुठं तरी पाठवशील, बक्षीस घेशील.

"कुनालाच नाय ऐकवनार."

"आनि वडाची जुनी ओळ? शेतच गेलं तर ती कोन म्हननार?"

रस्त्याने लोणावळ्याकडे गाड्या चालल्या होत्या, काचा खाली, गाणी मोठ्याने. याह्या बांधावरून त्याच्याजवळ गेला.

"रविवारी मी येतो," तो म्हणाला. "अम्मीच्या शेजारी रांगेत उभा ऱ्हातो. तळातलं लावून होतंय तवर एकदा वडाची ओळ मी टाकनार. दरसाल टाकनार. उचलायची का न्हाय, ते तू ठरव."